लांब धाग्याची साखळी

१ जानेवारी १९८४, रविवार

तेलगिरणीवाल्यांनी यंदा ही डायरी भेट दिली. मागच्या वर्षीच्या डायरीत कोकिळेने बायकांच्या ब्लाउजची मापं लिहून टाकली होती. यंदाची डायरी मात्र माझी, खाजगी. पुरुषाला मनातलं लिहायला एक तरी जागा पाहिजे. कपाटाला कुलूप लावणार आहे आणि किल्ली गणपतीच्या फोटोमागे ठेवणार आहे. हे फक्त मला आणि गणपतीला ठाऊक.

पहिल्या पानावर स्वतःबद्दल लिहावं म्हणतात. मी लक्ष्मणराव, राहणार पिपरी मेघे, हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये ग्रेडर. बावीस वर्षं कापसावर हात फिरवतोय. चिमूटभर कापूस दोन अंगठ्यांमध्ये ओढला की धागा किती लांब, माल पहिल्या वेचणीचा की शेवटच्या, बैलबंडीच्या तळाशी ओला कापूस लपवला आहे की नाही, सगळं सांगतो. बायको कोकिळा. मंगळवारी आणि शुक्रवारी एस.टी.ने वायगावला जाते आणि तिथल्या बायकांना शिवणकाम शिकवते. एस.टी.च्या एवढ्या गर्दीतून येते-जाते, पण तिच्या साडीची घडीसुद्धा मोडत नाही.

आणि माझी गाडी, हेरल्ड. सेवाग्रामच्या एका डॉक्टरांकडून घेतली. त्यांनी ती तरुणपणी मुंबईला शर्यतीत पळवली होती, तेव्हा इंजिनाला दोन कार्बोरेटर बसवून घेतले होते. वर्ध्यात दोन कार्बोरेटरची दुसरी गाडी दाखवा. असली गाडी रोज वापरायची नसते, म्हणून मी जिनिंगच्या जीपने कामावर जातो आणि हेरल्ड फक्त रविवारी काढतो, पोस्टापर्यंत आणि परत.

आज काढली तर इंजिनाच्या पुढच्या बाजूने खळखळ आवाज. शिवाय ड्रायव्हरची सीट पुन्हा पुढे सरकली होती. गुडघे स्टिअरिंगला लागले. दर रविवारी असंच होतं. अंगणाला उतार आहे, त्यामुळे सीट घरंगळत असावी.

४ जानेवारी, बुधवार

टाकीत काडी घालून पाहिली. रविवारपेक्षा पेट्रोल चार बोटं कमी. गाडी तर जागेवरच. कोकिळेला विचारलं. ती म्हणाली, "उडून जाते थे. हवा लागते ना त्याले." मला पटलं. टाकीच्या झाकणावर ओलं फडकं बांधलं.

आज सलग चौथ्या दिवशी वांग्याची भाजी. तोंडाने काही बोललो नाही, पण इथे लिहितो. मला वांग्याचा वीट आला आहे. थंडीचे दिवस आहेत, कोवळा सांबार, म्हणजे कोथिंबीर, बाजारात ढिगाने पडला आहे, आणि या घरात एक सांबारवडी होत नाही.

८ जानेवारी, रविवार

गुरुवारी जेवायला सांबारवडी! मी एक शब्द बोललो नव्हतो. कोकिळा मनकवडी आहे.

आज रूपराव मिस्त्री आला. हेरल्डचं बॉनेट पुढच्या बाजूला आडवं उघडतं, मगरीच्या जबड्यासारखं. रूपरावने कान लावला, इंजिन दोनदा चालू-बंद करवलं आणि म्हणाला, "साहेब, हे टायमिंगची साखळी होय. लांबली. वापरून वापरून लांबते थे."

"वापरून? मी फक्त पोस्टापर्यंत नेतो."

रूपरावने अंगणात चहा घेऊन आलेल्या कोकिळेकडे पाहिलं आणि फडक्याला हात पुसत राहिला. बराच वेळ पुसत होता. मग सांगितलं, "खालचं चक्र फिरते, साखळी वरच्या चक्राले फिरवते, त्यानं झडपा उघडते. साखळी लांबली का ढिली पडते, मंग झडप उशिरा उघडते. गाडी दमते. एखाद्या दिवशी साखळी दात सोडते आन् रस्त्यातच बसते."

कोकिळा म्हणाली, "म्हणजे सुई खाली आली आन् शटल जागेवर नसलं तं टाका सुटते, तसंच ना?"

"बराबर, बाई."

इंजिनाच्या गोष्टीत शिवणयंत्र! मी हसलो. रूपराव उगाच तिचं मन राखत होता. पण 'लांबली' हा शब्द मला खटकला. बावीस वर्षांत लांब असल्याची तक्रार मी कुणाकडून ऐकलेली नाही. आमच्या धंद्यात जे लांब तेच चांगलं. रूपराव हाताचा कसबी आहे, पण मालाची पारख हा वेगळा विषय आहे.

१५ जानेवारी, रविवार

आज माझ्या हातून मोठं काम झालं किंवा मोठा गाढवपणा. अजून ठरलेलं नाही.

संक्रांतीचा तिळगूळ घेऊन साडभाऊ मोतीलाल आणि कोकिळेची धाकटी बहीण नलू आले. मोतीलालचं हिंगणघाटला कापडाचं दुकान आहे, नवी कोरी फियाट आहे आणि मिशी आहे. मिशीला तो खोबरेल लावून टोकं वर वळवतो. मी त्याला कौतुकाने हेरल्ड चालू करून दाखवली.

"साडभाऊ," तो म्हणाला, "हे गाडी हाये का भांड्यायचं दुकान?"

नलू हसली. मी म्हणालो, दोन कार्बोरेटर आहेत, तुझी फियाट हिच्या धुळीत दिसणार नाही. तो म्हणाला, "मंग होऊन जाऊ द्या!" दोघांच्याही तोंडात तिळगूळ होता, पण गोड कुणीच बोललं नाही. ठरलं ते असं. २९ तारखेच्या रविवारी, आमच्या अंगणापासून मोतीलालच्या दुकानापर्यंत. गाडी घरच्याच माणसाने चालवायची, म्हणजे मी रूपरावला बसवायचं नाही. "मी हरलो तं मिशी साफ," मोतीलाल म्हणाला, "तुम्ही हरले तं हे डबडं भंगारात."

"कबूल," मी म्हणालो.

कोकिळेच्या हातातून तिळगुळाचं ताट पडलं. आनंदाने असणार. गाडीमुळे अंगणात पापड वाळवायला जागा उरत नाही असं ती नेहमी म्हणते.

१६ जानेवारी, सोमवार

सकाळी कोकिळा म्हणाली, "गाडी काऊन लावली पैजेले? मले इचारलं काय?"

"तुला गाडीचं काय करायचं?"

"काई नाई." मग शिवणयंत्रावर बसली आणि रागारागात मनकर्णाबाईच्या ब्लाउजची एक बाही दोन्हीकडून शिवून टाकली. मनकर्णाबाई शेजारच्या. त्यांची शेळी रोज आमच्या तुळशीवर येते, पण तो विषय वेगळा.

इथे खरं लिहायला हरकत नाही. गाडीच्या वेगाचा काटा चाळिसाच्या वर गेला की माझ्या पोटात गोळा येतो. हे आजवर कुणाला कळू दिलेलं नाही. हरलो तर हेरल्ड जाईल. भंगारवाला घण घालेल. दोन्ही कार्बोरेटर कुणाच्या तरी पंपाला लागतील. काल रात्री जेवण गेलं नाही. सगळी मदार आता नव्या साखळीवर आहे. साखळी अशी निवडली पाहिजे की चालवणाऱ्याला काही करावंच लागू नये.

१९ जानेवारी, गुरुवार

रजा टाकून नागपूरला जाऊन आलो. एका नमुन्यावर माल ठरवायचा नाही हा माझा नियम, म्हणून तीन साखळ्या जमवल्या. पहिली भंगार बाजारातली. दुकानदार म्हणाला, एकाच गाडीत वीस वर्षं चालली आहे. वीस वर्षं! म्हणजे कसाला उतरलेली. दुसरी आमच्या जिनिंगच्या फिटरने काढून दिलेली, कापसातली सरकी काढणाऱ्या रेचाच्या यंत्राची. तिसरी स्पेअर पार्टच्या मोठ्या दुकानातली, तेलकट कागदात गुंडाळलेली, कधी कुठे न चाललेली. ही मी केवळ नियमाला तीन हवेत म्हणून घेतली.

२० जानेवारी, शुक्रवार

आज सकाळी जीप यायच्या आत अंगणात काळं कापड अंथरलं, तिन्ही साखळ्या मांडल्या आणि रीतसर ग्रेडिंग केलं. कापसाचं करतो तसंच. आधी हातात घेऊन मऊपणा, मग दोन अंगठ्यांत ओढून लांबी.

रेचाची साखळी जाड्याभरड्या देशी कापसासारखी. चक्रावर बसणारच नाही असं रूपराव म्हणाला, बाद केली.

कागदातली साखळी तर अगदीच वाईट. आखूड. आडवी धरली तर काठीसारखी ताठ राहते, वाकायचं नाव नाही. वेचण्या संपल्यावर झाडावर जो उरलासुरला आखूड कापूस राहतो त्याला आम्ही फरदड म्हणतो. ही साखळ्यांमधली फरदड.

आणि पहिली! काय मऊ माल! आडवी धरली तर दोन्ही बाजूंनी अशी लोंबते की रेशीम वाटावं. ओढून पाहिली तर कागदातल्या साखळीपेक्षा बोटभर लांब. डोळे मिटून सांगतो, ए ग्रेड.

रूपराव कपाळाला हात लावून उभा होता. "साहेब, पाया पडतो, साखळी म्हणजे कापूस नोहे. ताठ तेच नवी. लोंबते ते झिजली. आपली जुनी लांबली म्हणूनच तं काढून राह्यलो, आन् तुम्ही तिच्याहून लांब आणली!"

मी शांतपणे म्हणालो, "रूपराव, तू पाने फिरव. पारख माझ्यावर सोड."

तो आणखी बोलणार होता, पण कोकिळा दारातून म्हणाली, "रूपरावभाऊ, साहेब म्हणते तसं करजा." रूपरावने लगेच पाना उचलला. म्हणाला, "बरं बाई." बायको पाठीशी उभी राहिली की माणसाला कसं बळ येतं! परवाचा तिचा राग गेलेला दिसतो.

२२ जानेवारी, रविवार

साखळी बसली.

सकाळपासून मी रूपरावच्या मागे उभा होतो. त्याने पंखा काढला, पट्टा काढला, पुढचं झाकण काढलं, जुनी साखळी काढली. दोन चक्रांवर दोन खुणा असतात, त्या समोरासमोर आणून मग नवी साखळी घालायची असते. मी माझी ए ग्रेड साखळी स्वतःच्या हाताने रूपरावच्या हातात दिली आणि नेमकी तेव्हाच कोकिळेने आत बोलावलं. पोहे खाल्ले. मग म्हणाली, माळ्यावरचा पितळी डबा काढून द्या. डबा काढला. मग म्हणाली, हा नाही, त्याच्या मागचा. मग लोणच्याची बरणी उघडेना. मग पुन्हा पोहे. परत आलो तोवर रूपराव झाकणाचा शेवटचा बोल्ट आवळत होता.

गाडी चालू केली. खळखळ गायब! दुधाची चरवी भरावी तसा एकसारखा आवाज. मी रूपरावला म्हणालो, "पाहिलंस? याला म्हणतात लांब धागा."

"हो साहेब," तो म्हणाला. त्याला खोकला आला होता, खाली मान घालून खूप वेळ खोकत होता.

तिसऱ्या साखळीचा तेलकट कागद कचऱ्यात दिसला. रूपरावने हात पुसायला घेतला म्हणे. "मग साखळी कुठे आहे?" मी विचारलं. कोकिळा म्हणाली, "जिथं पाह्यजे तिथं ठेवली." ती तशी नीटनेटकी आहे.

२७ जानेवारी, शुक्रवार

डाव्या हाताने लिहितो आहे. अक्षर वाचता येत नसेल तर इलाज नाही, वाचणारा मीच.

काल प्रजासत्ताकाची सुट्टी होती. सगळं ठीक असताना मला एक युक्ती सुचली. इंजिनात ठिणगी ठरलेल्या वेळेला पडते. मी विचार केला, ठिणगी लवकर पडली तर गाडीही लवकर पोहोचेल. सरळ हिशेब आहे. ठिणगी वाटणारी जी डबी असते ती स्वतःच सैल करून थोडी फिरवली. मग अजून थोडी. थंडीने बॅटरी बसली होती म्हणून समोरून हँडल मारायला गेलो, तर हँडल गाढवाच्या लाथेसारखं उलटं आलं. मी तुळशीपर्यंत गेलो. शेळी तिथेच होती, तिनेसुद्धा पाहिलं.

उजव्या मनगटाचं हाड मोडलं. सेवाग्रामच्या दवाखान्यात प्लास्टर घातलं. हात कायम खांद्याच्या वर ठेवा, नाहीतर सुजेल, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं आहे. एका हाताने गिअर आणि स्टिअरिंग जमणार नाही. मोतीलालला निरोप पाठवला की तारीख पुढे ढकल. उत्तर आलं, "घरातलं कोणीबी चालवा. नाई तं भंगारवाल्याले मी सांगतो."

घरात मी आणि कोकिळा. म्हणजे गाडी गेली. मी हेरल्डच्या बाजूला पायरीवर बसलो आणि सरळ रडलो. लपवत नाही. कोकिळा येऊन शेजारी बसली. प्लास्टरवरून हात फिरवत म्हणाली, "मी चालवतो ना."

मला रडतारडता हसू आलं.

२८ जानेवारी, शनिवार

रूपरावने ठिणगीची डबी पहिल्या जागी आणली. मग कोकिळेला गाडी शिकवायला घेऊन गेला. अर्ध्या तासात दोघं परत आले.

"काय रे, इतक्यात?"

"आलं त्यायले," रूपराव म्हणाला.

अर्ध्या तासात! मला क्लच समजायला आठ महिने लागले होते. पण तेव्हा साखळी जुनी होती, हे लक्षात घेतलं पाहिजे. देवासमोर नारळ ठेवला. उद्या काय होईल ते होवो.

२९ जानेवारी, रविवार

डाव्या हाताने थोडक्यातच लिहितो.

आठ वाजता मोतीलाल फियाट घेऊन हजर. शेजारी नलू. हिंगणघाटला त्याच्या दुकानासमोर अण्णाजी, निवृत्त हेडमास्तर, घड्याळ घेऊन बसणार होते. कोकिळा पदर खोचून ड्रायव्हरच्या जागी बसली. सीट तिला बरोबर बसली, घरंगळल्याचा एवढा तरी फायदा.

मोतीलाल म्हणाला, "बाई, तुम्ही? आन् हरल्या तं? तुम्हाले मिशी नाई, साडभाऊची गाडी तं जाईनच..."

"जवाईबुवा," कोकिळा म्हणाली, "वस्तरा संगं घेतला ना?"

मनकर्णाबाईंनी रुमाल हलवला. फियाट सुटली. आम्ही मागे. रस्त्याला लागल्यावर मी तिला सांगायला लागलो, आता क्लच दाब, आता दुसरा टाक. प्रत्येक वेळी ती ते करून मोकळी झालेली असायची. काटा चाळिसावर आला. मी म्हणालो, "बस." ती म्हणाली, "डोये मिटून घ्या, पोटात गोळा येत असंन तं." हे तिला कसं कळलं? मनकवडी, दुसरं काय. मी डोळे मिटले.

उघडले तेव्हा वायगाव आलं होतं. आणि वायगावात काय स्वागत! पानठेल्यावरची माणसं हात हलवत होती, हातपंपावरच्या बायका हसत होत्या, एक जण तर गाडीमागे धावत ओरडली, "बाई, माहा ब्लाउज झाला काय?" बिचारीची माणूस ओळखण्यात चूक झाली असावी. पण एकंदरीत दोन कार्बोरेटरच्या गाडीची कीर्ती एवढ्या दूर पोहोचली आहे हे पाहून बरं वाटलं. मी नमस्कार घेत होतो. वायगावच्या वळणाला खड्डा आहे तो तिने न बघताच चुकवला.

वायगाव सुटल्यावर काटा साठावर. मी ओरडणार होतो, तेवढ्यात तिच्याकडे पाहिलं. केस वाऱ्याने सुटले होते, ओठ घट्ट मिटलेले आणि डोळे असे की जणू रस्ता तिच्या मालकीचा आहे. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, तिचा असा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. ओरडायचं राहिलं. इथे लिहायला हरकत नाही, मला ती फार सुंदर वाटली.

तरी फियाट पुढेच होती. हिंगणघाट जवळ आलं तर मोतीलाल अडकलेला. सोमवारच्या वजनकाट्यासाठी जिनिंगपुढे रविवारपासूनच कापसाच्या बंड्यांची रांग लागते. रस्ताभर बंड्या, मधोमध फियाट, मोतीलाल हॉर्न वाजवतोय आणि बंडीवाले निवांत तंबाखू मळतायत. एक जण म्हणाला, "थांब ना बाप्पा, बैलायले काय गिअर हाये?"

आम्ही मागून आलो. मी डॉक्टरीणबाईंच्या सांगण्याप्रमाणे प्लास्टरचा हात समोरच्या काचेपाशी वर धरलेला होता. आणि काय सांगू, पहिल्या बंडीवाल्याने मागे वळून पाहिलं, "ग्रेडरसाहेब!" म्हणाला आणि बंडी बाजूला घेतली. दुसऱ्याने घेतली. तिसऱ्याने घेतली. यार्डात मी हात वर केला की बंडी बाजूला घ्यायची असा आमच्याकडे रिवाज आहे, नाहीतर नंबर शेवटी जातो. पण आज हात तर दुखण्यामुळे वर होता, त्यामुळे हा मान त्यांनी गाडीलाच दिला असं मी धरतो. साऱ्या बंड्या मधल्या मोतीलालला रेटत उजवीकडे सरकल्या. डावीकडून कोकिळा अशी निघाली की कापूससुद्धा उडाला नाही. मागून मोतीलालचा आवाज आला, "हे कोणता कायदा होय!"

दुकानासमोर गाडी थांबली. अण्णाजींनी घड्याळ पाहिलं, मग कोकिळेला पाहिलं, मग पुन्हा घड्याळ. फियाट अकरा मिनिटांनी आली, टपावर कापूस घेऊन. नलूने बहिणीला मिठी मारली आणि कानात म्हणाली, "बाई, तू तं मंगळवारपेक्षा जोरात आली वं." मंगळवारी काय होतं ते विचारायचं राहून गेलं.

जिंकलो! काय साखळी निवडली मी!

३१ जानेवारी, मंगळवार

मोतीलालने मिशी काढली. खाली त्याला वरचा ओठच नाही, नुसती रेघ आहे. दुकानात गिऱ्हाईकं येतात आणि मोतीलालसेठ कुठे गेले म्हणून त्यालाच विचारतात. मला जरा वाईटच वाटलं.

५ फेब्रुवारी, रविवार

आज एक गंमत. मनकर्णाबाईंची बिनशिंगी शेळी तुळशीशी आली. गळ्यात पट्ट्याच्या जागी छान साखळी, तिला घुंगरू बांधलेलं. सवयीने हात लावून पाहिला. काय मऊ! कशी लोंबते! माझ्या हेरल्डच्या साखळीची जुळी बहीण म्हणा. मनकर्णाबाईंना मालाची एवढी पारख असेल असं वाटलं नव्हतं. शेळीवर पहिल्यांदाच माझं मन गेलं. तुळस खाऊ दिली.

६ फेब्रुवारी, सोमवार

जीप आली नाही म्हणून घरी होतो. प्लास्टर आहे तोवर दुसरं काम नाही, त्यामुळे विचार केला. सीट दर रविवारी पुढे सरकलेली. पेट्रोल ओलं फडकं बांधूनही दर आठवड्याला चार बोटं कमी. आज क्लचच्या पेडलखाली केसांचा आकडा सापडला, मागच्या सीटवर रंगीत दोऱ्याचे तुकडे. वायगावचे ते नमस्कार. नलूचं ते मंगळवार. सगळं एकापुढे एक मांडलं, नमुने मांडतो तसं, आणि अंगठ्यांत ओढून पाहिलं.

आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. माझ्यामागे कुणीतरी माझी गाडी चालवतंय!

रूपराव. दुसरं कोण? उंचीने कमीच आहे. केसांचा आकडा कार्बोरेटर साफ करायला वापरत असेल. बिचाऱ्या कोकिळेला हे सांगणार नाही, तिचा त्याच्यावर विश्वास आहे. पण उद्यापासून बंदोबस्त. आत्ताच देवघराच्या खिळ्यावरून गाडीची किल्ली काढून कोटाच्या आतल्या खिशात घातली. सीटही रेटून मागे केली आहे. आता पाहू, गाडी कशी हलते ते.

७ फेब्रुवारी, मंगळवार

आज मी लिवून राह्यली. तुम्ही जीपनं गेले.

तुमच्या खिशात हाये ते शिवणयंत्राच्या पेटीची किल्ली. गाडीची माह्यापाशी राह्यते, रविवारी तेवढी खिळ्यावर टांगतो, दोन वर्सं झाले. रूपरावभाऊनं शिकवलं. गरिबाले काई म्हणजा नोका. तुम्हाले सांगाचं रोज मनात ये, मंग भेव वाटे का तुम्ही नाई म्हणसान.

साखळी आखूडवालीच बसवली. लांबवाली शेळीच्या गळ्यात हाये. थे ए ग्रेडच हाये, शेळीले लय आवडली.

२९ तारखेचं पान मी चार खेपा वाचलं. सुंदर वाटली त तोंडानं सांगाचं होतं.

वायगावले चालली, मंगळवारी तिथून नलूकडंबी जातो, पाच वाजेपावतर येतो. आजची सांबारवडी फडताळात झाकून ठेवली हाये. या रविवारी पोस्टात नाई, सीदं रामटेकले जाऊ. डोये उघडे ठेवजा. आन् सीट मांगं करजा नोका, रोज रोज पुढं घ्याले कंबर दुखते.

कोकिळा